स्पर्धेतला यंत्रमानव : कशाचा करावा, कसा जोडावा

गोष्ट दोन वर्षांपूर्वीची. बेंगळुरूतील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सभागृहात यंत्रमानवांचे सामने चालले होते आणि प्रेक्षकांत मीही बसलो होतो. यंत्रविद्येशी माझा संबंध सरकारी निविदांच्या कागदांपलीकडे कधी गेला नाही. मी गेलो होतो तो केवळ भाच्याच्या आग्रहाखातर. त्याच्या संघाने आठ महिने खपून एक यंत्र तयार केले होते. सामना तीन मिनिटांचा. पंचांनी शिट्टी वाजविली, यंत्र झपाट्याने पुढे आले, पहिले वळण त्याने नेटके घेतले, आणि चाळिसाव्या सेकंदाला त्याचे एक चाक मोटरीसकट पोटाखाली मुडपले. उरलेली दोन मिनिटे आणि वीस सेकंद ते बिचारे जागच्या जागी गोल फिरत राहिले. मोडले होते काय? मोटर सांगाड्याला धरून ठेवणारा, अंगठ्याएवढा, प्लॅस्टिकचा एक तुकडा. त्याची किंमत पन्नास रुपयेही नसेल. परंतु त्याच्या भरवशावर उभ्या असलेल्या यंत्रात सात मुलामुलींच्या घरचे लाखाच्या वर रुपये गुंतले होते, आणि त्यांपैकी दोन घरी ते कर्जाऊ काढलेले होते.

त्या रात्री मुले माझ्याकडे जेवावयास आली. कोणी फारसे बोलेना. शेवटी भाचा म्हणाला, "मामा, गणित बरोबर होतं. तो तुकडा मोडायलाच नको होता." त्या वाक्याने मला विचारात पाडले. त्यानंतर वर्षभर ह्या मुलांच्या मागे हिंडून आणि जाणत्या कारागिरांना विचारून जे काही समजले, ते आज आपणांपुढे ठेवीत आहे. यंत्राच्या मेंदूविषयी, म्हणजे त्यातील संगणकाविषयी, पुष्कळ बोलले जाते. त्याच्या अंगाविषयी, ते कशाचे करावे आणि कसे जोडावे ह्याविषयी, फारच थोडे. आणि नवख्यांची यंत्रे सामन्यात दगा देतात ती बहुधा अंगाच्या दोषाने.

प्रथम ह्या खेळाविषयी दोन शब्द. 'यंत्रमानव' हा शब्द ऐकून हातपाय असलेली लोखंडी बाहुली डोळ्यांपुढे येते. स्पर्धेतली यंत्रे बहुधा चाकांवरच्या पेटीसारखी दिसतात. खेळाचा उगम जपानमध्ये झाला. तोक्योच्या तंत्रविद्या संस्थेतील प्राध्यापक मासाहिरो मोरी ह्यांनी १९८१ साली आपल्या विद्यार्थ्यांना साध्या बॅटरीच्या दोन घटांवर माणसाला वाहून नेणारी गाडी करावयास सांगितले. पुढे १९८८ साली जपानच्या राष्ट्रीय नभोवाणी संस्थेने अशा स्पर्धा हाती घेतल्या, आणि २००२ पासून आशिया-प्रशांत विभागातील नभोवाणी संस्थांच्या संघटनेने त्यांना आंतरराष्ट्रीय रूप दिले. आपल्याकडे हे काम दूरदर्शनने अंगावर घेतले. २००८ साली ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा पुण्यास भरली तेव्हा तिचा विषय होता 'गोविंदा'. आपली दहीहंडी! परदेशांतल्या विद्यार्थ्यांची यंत्रे उंचावरील लोण्यासाठी धडपडताना पाहून पुणेकरांना काय वाटले असेल ह्याची कल्पना करावी. २०१४ साली ती पुन्हा पुण्यास आली. त्या वेळी एका 'पालक' यंत्राने एका 'बाल' यंत्राला उचलून झोपाळ्यावर, सी-सॉवर खेळवावयाचे होते. २०२२ साली दिल्लीच्या स्पर्धेचा विषय होता लगोरी.

नियम दरवर्षी बदलतात, पण आकाराची आणि वजनाची मर्यादा बहुधा ठरलेली. ह्या स्पर्धेत कित्येक वर्षी एका संघाच्या सर्व यंत्रांचे मिळून वजन ५० किलोंच्या आत असावे असा दंडक असे. वजनाची ही मर्यादा म्हणजे नोकरदाराचा महिन्याचा पगार समजा. मोटरी आणि बॅटरी ही घरभाडे आणि वाणसामान. ती टळत नाहीत. उरेल त्यात बाकीचा संसार करावयाचा, म्हणजेच सांगाडा, हात आणि चाके उभी करावयाची. २०१४ च्या त्या पालक यंत्राचे उदाहरण घ्या. बाळाच्या अंगात एक किलो अधिक भरला, तर ते बाळ उचलणारा हात जाड करावा लागे, तो हात हलविणारी मोटर मोठी घ्यावी लागे, आणि त्या सर्वांना तोलून धरणारा तळ रुंद करावा लागे. एका किलोचे तीन किलो होतात ते असे.

आता सामग्रीकडे वळू. आपण सहज म्हणतो, अमुक वस्तू 'मजबूत' आहे. ह्या एका शब्दात दोन निराळे गुण मिसळलेले आहेत. एक बळकटी, म्हणजे तुटेपर्यंत किती भार सोसते ते. दुसरा ताठपणा, म्हणजे भाराखाली किती वाकते ते. सुती दोरी बळकट असते, ताठ नसते. काचेची कांडी ताठ असते, परंतु झटका सोसत नाही. सामन्यातल्या यंत्राला बहुतेक ठिकाणी प्रथम ताठपणा हवा असतो. कारण सांगाडा थोडा जरी लचकला, तरी दातेरी चाकांचे दात एकमेकांवर नीट बसत नाहीत, साखळी घसरते आणि चेंडू फेकणाऱ्या हाताचा नेम चुकतो.

ताठपणा म्हटला की मुले पोलादाचे नाव घेतात, आणि ते एका अर्थी खरेही आहे. ॲल्युमिनियमपेक्षा पोलाद सुमारे तिप्पट ताठ. पण ते वजनानेही सुमारे तिप्पट जड. मग हिशेब बरोबरीत सुटला की काय? नाही, खरी गंमत येथेच आहे. पोलादाच्या एक मिलिमीटर जाड पत्र्याच्या वजनात ॲल्युमिनियमचा जवळजवळ तीन मिलिमीटर जाड पत्रा येतो. आणि पत्र्याचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाने वाढतो. जाडी दुप्पट तर विरोध आठपट, जाडी तिप्पट तर सत्तावीसपट. त्यामुळे धातू मुळात तिप्पट नरम असूनही, त्याच वजनाचा ॲल्युमिनियमचा पत्रा पोलादाच्या पत्र्यापेक्षा सुमारे आठपट ताठ ठरतो. हाच हिशेब पुढे नेला तर चांगला प्लायवूड दोघांनाही मागे टाकतो. त्याच वजनात त्याची फळी दहा-बारा मिलिमीटर जाड येते. बांबू पोकळ असूनही वाऱ्यात उभा राहतो त्याचे मर्म हेच. त्याचे सारे द्रव्य मध्यापासून दूर, कडेला आहे, आणि पेरापेरांवरील गाठी ती नळी चेपू देत नाहीत. बाजारात खिडक्यांसाठी मिळणारी ॲल्युमिनियमची चौकोनी नळी मुले सांगाड्याला वापरतात ती ह्याच कारणाने, आणि ती योग्यच आहे.

प्लायवूडची मात्र मुलांना लाज वाटते. लाकडाचे यंत्र म्हणजे सुतारकाम, असा त्यांचा समज. ज्या शहरात ती हे म्हणत होती त्या शहराचा इतिहास मी त्यांना सांगितला. वालचंद हिराचंद ह्यांच्या पुढाकाराने १९४० साली बेंगळुरूत विमानांचा कारखाना निघाला. कोल्हापूरकडचे डॉ. विष्णू माधव घाटगे जर्मनीत गटिंगेन येथे प्रांट्ल ह्यांच्यापाशी वायुगतिशास्त्र शिकून आलेले. त्यांच्या हाताखाली ह्याच कारखान्यात एचटी-२ हे शिकाऊ वैमानिकांसाठीचे विमान आखले गेले आणि १९५१ साली ते उडाले. ते धातूचे होते. पुढे १९५६ साली कुर्ट टांक हे जर्मन आखणीकार येथे आले आणि त्यांनी 'मरुत' ह्या लढाऊ विमानाची आखणी हाती घेतली. हे जेट विमान. तथापि ते धातूत घडविण्यापूर्वी टांक ह्यांनी त्याच मापाचे, त्याच आकाराचे, इंजिन नसलेले एक लाकडी विमान करविले. दुसऱ्या विमानाने ओढून नेऊन ते आकाशात सोडीत आणि त्याचे वागणे पाहत. ह्या लाकडी विमानाची उड्डाणे १९५९ साली सुरू झाली. खरे मरुत १९६१ च्या जूनमध्ये उडाले. लाकूड तासता येते, चूक सापडली तर दुरुस्त करता येते, आणि त्यात फार पैसा अडकत नाही. पहिले यंत्र पुठ्ठ्याचे, दुसरे प्लायवूडचे आणि तिसरे धातूचे, असा क्रम मुलांनी ठेवला असता, तर त्यांचे निम्मे पैसे वाचले असते असे मला वाटते.

प्लॅस्टिकच्या बाबतीत डोळे सर्वांत जास्त फसतात. ॲक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेट ह्यांची पारदर्शक तावदाने दुकानात शेजारी शेजारी ठेवली तर नवखा माणूस ओळखू शकणार नाही. ॲक्रिलिक आपटले की काचेसारखे तडकते. पॉलिकार्बोनेट हातोडीचे घाव सोसते, वाकते, पण सहसा फुटत नाही. असे असून मुले ॲक्रिलिकच का घेतात? कारण लेसरच्या यंत्रावर ते लोण्यासारखे कापले जाते आणि कडा चकचकीत निघते. पॉलिकार्बोनेट त्याच यंत्रावर करपते व पिवळे पडते. म्हणजे सामग्रीची निवड यंत्राच्या गरजेने न होता कापणाऱ्याच्या सोयीने होते. पॉलिकार्बोनेटलाही एक खोड आहे. नट सैल होऊ नयेत म्हणून आट्यांना जो द्रव लावतात, त्याचा थेंब पॉलिकार्बोनेटवर पडला तर काही काळाने भोकाभोवती बारीक तडे जातात. तेथे तो द्रव न लावता, आत नायलॉनची कडी असलेला नट वापरावा.

आता तो अंगठ्याएवढा तुकडा. संघातील एका मुलीचे वडील पीण्या औद्योगिक वसाहतीत फिटर आहेत. बेळगावच्या उद्यमबागेत उमेदवारी करून ते इकडे आले. मुले त्यांच्याकडे मोडलेला तुकडा घेऊन गेली, तेव्हा मीही सोबत होतो. त्यांनी तो उजेडात धरला, नखाने त्याची मोडलेली बाजू चाचपली आणि विचारले, "हा उभा छापला की आडवा?" मुले एकमेकांकडे पाहू लागली. हल्ली संगणकावरील आकृतीवरून वितळलेल्या प्लॅस्टिकचा थरावर थर रचून वस्तू 'छापता' येते. सोय मोठी आहे. पण अशी वस्तू चिरोट्यासारखी असते. थराच्या दिशेने ओढ आली तर ती चिवट, थर एकमेकांपासून सुटतील अशी ओढ आली तर पापुद्रे निघावेत तशी सुटते. मुलांचा तुकडा उभा छापलेला होता आणि चाकाचा प्रत्येक झटका नेमका थर उकलण्याच्या दिशेने बसत होता. गणितात त्यांनी प्लॅस्टिक सर्व दिशांनी सारखे धरले होते. गणित बरोबर होते. वस्तू निराळी होती.

"हे आडवं छापलं असतं तर टिकलं असतं का, काका?" भाच्याने विचारले.

"ह्या वर्षी टिकलं असतं," ते म्हणाले. "पुढच्या उन्हाळ्यात बंद गाडीत ठेवलं असतं की वाकलं असतं." हेही खरे. छपाईत सर्रास वापरले जाणारे प्लॅस्टिक साठ अंश उष्णतेच्या आसपास मऊ पडते, आणि उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीत तेवढी उष्णता सहज होऊ शकते.

फिटरकाकांनी मग मुलांना जोडकामाचा एक धडा दिला. त्या दुपारी मला जे समजले ते कोणत्याही ग्रंथात इतके स्वच्छ सापडले नसते. शिंपी कापड फाडताना आधी कात्रीने लहानशी चीर देतो आणि मग नुसत्या हाताने टराटरा फाडतो. ताण त्या चिरेच्या टोकाशी साचतो. पत्र्यात काटकोनी खाच पाडली की तुम्ही शिंप्याची चीर देऊन ठेवलीच. म्हणून आतला प्रत्येक कोपरा गोल करावा. भोक कडेच्या फार जवळ पाडू नये. भोकाचा मध्य कडेपासून निदान त्याच्या व्यासाच्या दुप्पट आत असावा. एका बोल्टाने धरलेला भाग फिरतो. दोन बोल्ट एकमेकांपासून शक्य तितके दूर लावले की तो थांबतो. चाकाचे ओझे थेट मोटरीच्या दांड्यावर टाकू नये. दांडा फिरविण्यासाठी आहे, भार वाहण्यासाठी नव्हे. तो भार बेअरिंगवर यावा. बैलगाडीचे उदाहरण त्यांनी आपण होऊन दिले. तुंबा बाभळीचा, वर लोखंडाची धाव, प्रत्येक भागाचा माल त्याच्या कामाप्रमाणे. आणि आरा मोडला तर पुढच्या गावचा सुतारही तो बसवू शकतो.

वेल्डिंगविषयी मुलांचा मोठा गैरसमज होता. जोड वितळून एकजीव झाला म्हणजे तो सर्वांत पक्का, असे त्यांना वाटे. पोलादाच्या साध्या नळ्यांत ते बऱ्याच अंशी खरे आहे. पण ज्या ॲल्युमिनियमला उष्णतेचे संस्कार करून बळ आणलेले असते, त्याला वेल्डिंगची आच लागली की जोडाच्या आसपासचे ते बळ उतरून सुमारे निम्म्यावर येते, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. शिवाय चुकीचा जोड उलगडता येत नाही. रिव्हेट ड्रिलने काढता येते, बोल्ट पान्याने. म्हणूनच विमानांचे पत्रे पिढ्यान् पिढ्या रिव्हेटांनी जोडले गेले. मुलांनी पुढच्या वर्षी सांगाड्याला रिव्हेट आणि वरचेवर काढावे लागणाऱ्या भागांना बोल्ट, अशी विभागणी केली. आणि सर्व बोल्ट दोनच मापांचे घेतले, म्हणजे सामन्याच्या घाईत पाना शोधावा लागू नये.

कार्बन तंतूंच्या सामग्रीचे आकर्षण मुलांना फार. बेंगळुरूत ते साहजिकच म्हटले पाहिजे; येथेच आखलेल्या 'तेजस' विमानाच्या सांगाड्याचा वजनाने ४५ टक्क्यांच्या आसपास भाग अशा तंतुमय सामग्रीचा आहे. हलकी आणि ताठ ती खरोखरच आहे. परंतु तिच्यात भोक पाडताना उडणारी धूळ फुप्फुसांना वाईट आणि शिवाय वीजवाहक. ती मंडलपट्टीवर बसली तर यंत्राचा मेंदूच बिघडतो. आणि ती वाकून इशारा देत नाही, एकदम तुटते. नवख्या संघाने तिच्या नादी लागू नये असे माझे स्पष्ट मत आहे. सोप्या धातूने जिंकलेले पुष्कळ आहेत.

दुरुस्ती जेथे मुळीच शक्य नाही तेथे काय करीत असतील? ह्याचेही उदाहरण बेंगळुरूतच मिळते, आणि तेही स्पर्धेतल्या यंत्राचे. २००७ साली एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा जाहीर झाली : खासगी पैशातून चंद्रावर यान उतरवावयाचे, तेथे ५०० मीटर अंतर काटावयाचे आणि चित्रे पाठवावयाची, एकूण बक्षिसे तीन कोटी डॉलरांची. त्यात टीमइंडस हा बेंगळुरूचा संघ उतरला. त्याच्या चांद्रगाडीचे नाव 'एक छोटीसी आशा'. वजन आठ किलोंहूनही कमी, चार चाके, शक्ती सूर्याची. जपानी संघाची सुमारे चार किलोंची, कार्बन तंतूंच्या अंगाची गाडीही ह्यांच्याच यानातून जावयाची होती. तेथे चंद्राच्या दिवसाची उष्णता शंभर अंशांवर जाते आणि रात्री ती शून्याखाली दीडशे अंशांच्याही खाली उतरते. एक मीटर लांबीची ॲल्युमिनियमची पट्टी शंभर अंशांच्या फरकाने सव्वादोन मिलिमीटरांहून अधिक लांबते किंवा आखडते; पोलाद त्याच्या सुमारे निम्मे. दोन निराळे धातू घट्ट जोडले तर ते एकमेकांना ओढू लागतात. वंगण निर्वात अवकाशात उडून जाते. प्रत्येक सांधा ह्या हिशेबाने बसवावा लागतो, आणि एकदा पाठविल्यावर पाना घेऊन मागे धावता येत नाही.

अशा ठिकाणी मोठमोठ्यांचेही अंदाज चुकतात. २०१२ साली मंगळावर उतरलेल्या अमेरिकेच्या 'क्युरिऑसिटी' गाडीची चाके अर्धा मीटर व्यासाची, अखंड ॲल्युमिनियममधून कोरलेली. वजन वाचावे म्हणून त्यांचा पत्रा पाऊण मिलिमीटर ठेवलेला. पुढच्याच वर्षी टोकदार खडकांनी त्यांना भोके पडू लागली. तरीही पुढे ती गाडी वर्षानुवर्षे चालली, कारण वाट निवडून आणि गती सांभाळून तिला नेण्यात आले. आणि २०२१ साली मंगळावर उतरलेल्या तिच्या धाकट्या बहिणीला, 'पर्सिव्हिअरन्स'ला, अधिक जाड पत्र्याची, जवळजवळ कंगोऱ्यांची चाके दिली गेली. बेंगळुरूच्या त्या छोट्या आशेला मात्र चंद्रावर जाता आले नाही. प्रक्षेपणाचा करार सुटला, आणि ३१ मार्च २०१८ ही मुदत कोणाही संघाने न जिंकताच संपली. चंद्रावर चाललेली भारताची पहिली गाडी म्हणजे चांद्रयान-३ चा २६ किलोंचा 'प्रज्ञान'. ऑगस्ट २०२३ मध्ये तो उतरला आणि सुमारे शंभर मीटर चालला. त्याच्या चाचण्यांसाठी चंद्राच्या मातीसारखी माती तामिळनाडूतील सेलमकडच्या खडकांपासून तयार करण्यात आली होती. ज्या जमिनीवर चालावयाचे तिच्यासारखीच जमीन घरी करून पाहावी, एवढी गोष्ट मुलांनी ह्यातून उचलली. स्पर्धेच्या मैदानासारखाच फळ्यांचा तुकडा त्यांनी माझ्या गच्चीवर ठोकला. वरच्या मजल्याचा तो आवाज मी दोन महिने सोसला.

गेल्या वर्षी तीच मुले पुन्हा उतरली. तळ प्लायवूडचा, सांगाडा चौकोनी नळ्यांचा, मोटरींचे धरणे तीन मिलिमीटर ॲल्युमिनियमच्या दुमडलेल्या पत्र्याचे. खर्च आदल्या वर्षीच्या निम्म्याहून कमी झाला आणि कोणी कर्ज काढले नाही. उपांत्य सामन्याआधी एक धरणे वाकले. तुटले नाही, वाकले. आणि वाकलेले दिसले म्हणून वेळीच सापडले. फिटरकाकांच्या मुलीने चार बोल्ट काढले, पेटीतले जादा धरणे बसविले, आणि पंचांनी दिलेल्या दहा मिनिटांतली चार शिल्लक राहिली. सामना ती मुले हरली; समोरच्या संघाचे यंत्र अधिक चपळ होते. परतताना भाचा त्या यंत्राच्या चाकांची मापे कागदावर लिहीत बसला होता.